खिम्याला फोडी नसतात

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या मलकापूरच्या दवाखान्यात सासू-सुना आल्या. सून तिशीची असेल. तक्रार नेहमीचीच. अंग मोडून येते, चढ चढताना धाप लागते, बसून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. खालची पापणी ओढून पाहिली, तर कागदासारखी पांढरी. रक्त तपासले. हिमोग्लोबिन ७.४ ग्रॅम. स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या वर हवे, गरोदर असेल तर निदान ११ तरी.

"हिच्या अंगात रक्तच नाही, मावशी. नीट जेवते का ही?" मी सासूबाईंना विचारले.

सासूबाईंना ते लागले. "खायला काय कमी हाय व्हय, डॉक्टर? दर ऐतवारी मटाण असतंय आमच्यात!"

मी सुनेकडे वळलो. "तुमच्या ताटात किती फोडी येतात?"

"मी रस्सा घेते. फोडी उरल्या तर घेते."

"आणि उरतात?"

ती काही बोलली नाही. सासूबाईही गप्प झाल्या. त्यांनीही सून म्हणून आल्यापासून रस्सा-भाकरीवरच दिवस काढले असणार.

वाचकहो, यात त्या सासूबाईंना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. आपल्या घराघरांत वाढण्याची रीतच तशी आहे. नळी घरच्या कर्त्या पुरुषाला, काळीज पोरांना, चांगल्या फोडी पाहुण्यांना, आणि वाढणारीला पातेल्याच्या तळाचा रस्सा. माझ्या आईच्या ताटात मी नळी कधीच पाहिली नाही. आणि खरे सांगायचे तर, डॉक्टर होईपर्यंत ती गोष्ट माझ्या लक्षातही आली नव्हती.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे निम्म्याहून अधिक. सगळ्याच काही उपाशी घरातल्या नसतात. पाळीत जास्त रक्त जाणे, पोटातले जंत, लागोपाठची बाळंतपणे ही कारणे आहेतच. पण घरात शिजलेले अन्न तिच्या ताटापर्यंत पोचत नाही, हेही एक कारण आहे, आणि ते रक्ताच्या रिपोर्टात दिसत नाही.

त्या सुनेला मी लोहाच्या गोळ्या दिल्या, जंतांचे औषध दिले, पाळीची चौकशी केली. आणि चिठ्ठीच्या मागच्या बाजूला खिम्याची कृती लिहून दिली. सासूबाई बघतच राहिल्या. पण मला ती कृती औषधाइतकीच महत्त्वाची वाटते. कारण साधे आहे. खिम्याला फोडी नसतात. त्यात नळी नाही, काळीज नाही, चांगली फोड नाही आणि वाईट फोडही नाही. डावाने वाढला की प्रत्येकाच्या ताटात सारखाच येतो.

अर्ध्या तासात, एका कढईत

आपल्याकडे मटण म्हटले की तांबडा, पांढरा, सुके असा थाट. वाटण वाटण्यातच सकाळ जाते. म्हणून तो बेत रविवारीच होतो. खिम्याला एवढे काही लागत नाही. शेतातून किंवा कामावरून संध्याकाळी उशिरा आलेली बाईही तो आठवड्यातल्या कोणत्याही वारी करू शकते, अर्थात तुमच्या घरात चालणाऱ्या वारी!

पाच माणसांसाठी पाव किलो बकऱ्याचा खिमा पुरतो. त्यात तेवढाच मटार आणि एक बटाटा घालावा. दोन मोठे कांदे, दोन टोमॅटो, आले-लसूण-कोथिंबिरीचे वाटण आणि दीड चमचा कांदा-लसूण मसाला, बस्स. लोखंडी कढईत दोन लहान चमचे तेल तापवून कांदा परतावा, मग वाटण घालावे, मग खिमा. आच जरा मोठी ठेवून उलथन्याने गुठळ्या फोडत राहावे. सुटलेले पाणी आटले आणि खिम्याचा गुलाबी रंग जाऊन तपकिरी झाला, की हळद, मसाला, टोमॅटो घालावेत. बटाट्याच्या बारीक फोडी, मटार आणि अर्धी वाटी गरम पाणी घालून झाकण ठेवावे. पंधरा-वीस मिनिटांत खिमा शिजतो. वरून लिंबू पिळावे. भाकरी असो की भात, दोन्हींबरोबर चालतो. मसाल्यात आधीच मीठ असते, म्हणून वरचे मीठ चव बघून मगच घालावे.

लोखंडी कढईत आंबट पदार्थ शिजला की कढईचे थोडे लोहही जेवणात उतरते, ते चांगलेच. मात्र खिमा कढईत तसाच ठेवू नये, काळा पडतो. शिजला की स्टीलच्या पातेल्यात काढावा.

माझा भाचा अमेरिकेत फ्लोरिडाला असतो. तिथे क्यूबा बेटावरून आलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या घरी पिकादिल्यो नावाचा पदार्थ करतात. कांदा, लसूण, ढोबळी मिरची, टोमॅटो परतून त्यात खिमा, बटाटा, खारवलेली ऑलिव्हची फळे आणि मनुका. एका कढईत अर्ध्या तासात तयार. भात आणि काळ्या राजम्यासारखी उसळ बरोबर. तिकडे खिमा गाईच्या मांसाचा असतो, आपल्याकडे बकऱ्याचा, एवढाच मोठा फरक. गंमत अशी, की त्या स्पॅनिश नावाचा आणि आपल्या 'खिमा' शब्दाचा मूळ अर्थ एकच, बारीक चिरलेले. थोडे मांस बारीक करायचे, त्यात बटाटा-भाजी घालून वाढवायचे आणि सगळ्या घराला पुरवायचे, ही युक्ती जगभरच्या चुलींना सुचलेली आहे.

थोड्या खिम्याने काय होणार?

हा प्रश्न वाचकांच्या मनात येईल आणि तो रास्त आहे. हिशोब करू. पाव किलो खिमा पाच जणांत वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला ५० ग्रॅम. त्यात लोह जेमतेम दीड मिलिग्रॅम. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवे, पुरुषाला १९. मग दीड मिलिग्रॅमचे मोल काय?

मोल असे, की धान्य-भाजीतले लोह पोटात गेले तरी त्यातले फार थोडे रक्तात उतरते, बाकीचे वाया जाते. मांसातले बरेचसे लोह वेगळ्या स्वरूपात असते आणि त्याचा पाचवा-चौथा हिस्सा शरीर घेते. शिवाय मांस ताटात असले, की त्याच ताटातल्या भाकरीतले आणि मटारातले लोहही जास्त शोषले जाते. लिंबू आणि टोमॅटोही हेच काम करतात. म्हणजे तो डावभर खिमा एकटा येत नाही, भाकरीलाही कामाला लावतो.

याच्या उलट काम चहा करतो. जेवण झाल्याबरोबर कपभर चहा घ्यायची आपली सवय लोहाला अडवते. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको.

पण गैरसमज नको. हिमोग्लोबिन ७ वर आलेले असताना नुसत्या खिम्याने ते १२ वर जाणार नाही. त्याला गोळ्याच लागतात. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस लोहाची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती घेतल्यावर शौचाला काळे होते, थोडे मळमळते, म्हणून बायका मधेच सोडून देतात. काळे होणे हे धोक्याचे लक्षण नाही. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या, पण चहाबरोबर किंवा दुधाबरोबर नको. गोळीने रक्त भरून निघते, आणि भरलेले टिकते ते ताटातल्या जेवणाने.

खिमा आणि जंतू

आता थोडे सावधगिरीचे. अखंड मांसावर जंतू असले तर ते बहुधा वरच्या पृष्ठभागावर असतात. खिमा करताना तो पृष्ठभाग आतबाहेर सगळीकडे मिसळतो. म्हणून खिमा फोडीपेक्षा लवकर खराब होतो आणि तो पुरता शिजवावाच लागतो. आत कुठेही गुलाबी रंग राहता कामा नये. ७० अंशांच्या वर सगळीकडे उष्णता पोचली पाहिजे, म्हणजे झाकणाखाली चांगली वाफ हवी.

खाटकाकडून चरबी काढून, डोळ्यांसमोर खिमा करून घ्यावा आणि दोन तासांच्या आत चुलीवर किंवा फ्रिजमध्ये जावा. उन्हाळ्यात तासभरातच. ही चूक माझ्याकडूनच झालेली आहे. एकदा सकाळी दवाखान्यात जाताना मी खिमा घेतला आणि पेशंटच्या गर्दीत तो दुपारी दोनपर्यंत गाडीतच राहिला. घरी नेल्यावर सौभाग्यवतींनी पिशवी माझ्या नाकासमोर धरली आणि म्हणाल्या, "डॉक्टर, हा वास घ्या आणि निदान सांगा." खिमा टाकून दिला. पैसे गेल्याचे वाईट वाटले, पण पाच जणांचे जुलाब वाचले.

फ्रिजमध्येही कच्चा खिमा एक-दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये. पावसाळ्यात आपल्या आंबा घाटाच्या बाजूला वीज गेली की तासन्‌तास येत नाही, तेव्हा फ्रिजवर विसंबू नका. आणि खिमा धुऊ नका, असे सांगितले तर घरात कोणी ऐकणार नाही, हे मी जाणतो. पण पाण्याने जंतू जात नाहीत, ते उडून ओट्यावर पसरतात. जंतू मरतात ते आचेवर. धुवायचाच असेल तर मांस अखंड असताना धुऊन मग खिमा करावा. कच्च्या खिम्याची पाटी, सुरी आणि आपले हात साबणाने धुवावेत, आणि त्याच पाटीवर कोशिंबीर चिरू नये.

कोणी जपून?

रक्तदाबवाल्यांनी मिठाकडे लक्ष द्यावे. दिवसाला सगळे मिळून पाच ग्रॅम मीठ, म्हणजे एक चहाचा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. खिम्याबरोबर पापड, ठेचा आणि लोणचे घेतले की ती कधीच ओलांडली जाते. हृदयविकार असलेल्यांनी चरबी काढलेला खिमाच घ्यावा. युरिक अॅसिड वाढलेल्यांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावा. निरोगी माणसानेही आठवड्याला शिजवलेले मटण साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमच्या पुढे नेऊ नये. जत्रेच्या आठवड्यात काहीजण हे एका बैठकीतच उरकतात, तो भाग वेगळा!

दात नसलेल्या आजोबांना आणि वर्ष उलटलेल्या बाळाला तिखट कमी घालून मऊ शिजवलेला खिमा भाताबरोबर छान चालतो. चावायचे कष्ट नाहीत. आणि जी घरे माळकरी आहेत, शाकाहारी आहेत, त्यांनी मोड आलेली मटकी किंवा भिजवून कुस्करलेली सोयाबीनची वडी याच पद्धतीने करावी. त्यात लिंबू मात्र भरपूर, कारण भाकरीला कामाला लावणारे मांस तिथे नाही.

त्या सुनेचे पुढे काय झाले, ते सांगतो. तीन महिन्यांनी दोघी पुन्हा आल्या. हिमोग्लोबिन १०.८. त्याचे श्रेय मुख्यतः गोळ्यांना, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. पण सासूबाईंना दुसरेच सांगायचे होते.

"डॉक्टर, आता मी डावानं मोजून वाढतीया. सगळ्यांस्नी दोन-दोन डाव. हिला बी आन् मला बी."

मी सासूबाईंचीही पापणी ओढून पाहिली. त्यांचेही रक्त तपासायला सांगितले. साठ वर्षांत ते कोणी तपासलेच नव्हते. ९.१ निघाले. त्यांनाही गोळ्या सुरू आहेत.

तेव्हा वाचकहो, येत्या रविवारी घरात मटण असो, खिमा असो की मटकी, पहिला घास घेण्याआधी एकदा स्वयंपाकघरात डोकावून पाहा. वाढणारीच्या ताटात काय उरले आहे? आणि तिला तुमच्याबरोबरच जेवायला बसवा.