सोळा आण्यांचे घोषणापत्र

गुहागर तालुक्यातल्या हेदवीला आलेला पाहुणा दशभुज लक्ष्मीगणेशाचे दर्शन घेतो, भरतीला बामणघळीत उसळणारे पाणी पाहतो आणि निघता निघता विचारतो, ‘इथं एखादी छोटी जागा मिळेल का हो?’ जागा असते, पण सातबारा हाती आला की उत्साह ओसरतो. पणजोबांपासूनच्या वारसांची नावे, त्यातले निम्मे मुंबईला. कोणाचा हिस्सा चार आणे, कोणाचा दोन आणे आठ पै. सरसनिरस वाटप झालेले नसले, तर कुठला माड कोणाचा हे कोणीच सांगू शकत नाही. प्रत्येक माडात प्रत्येकाचा हिस्सा.

त्यातून शेतजमीन शेतकरी नसलेल्याला सहसा विकत घेता येत नाही. म्हणून शहरातला माणूस बांधलेल्या सदनिकेकडे वळतो. सातबाऱ्याच्या कटकटीतून सुटलो असे त्याला वाटते. पण योजना ‘अपार्टमेंट’ प्रकारची असेल, तर तो पुन्हा सामाईक जमिनीचा हिस्सेदारच होतो. फरक इतकाच, की इथे हिस्सेदारीचे नियम आधी लिहून, नोंदवून ठेवलेले असतात. ते कुठे लिहिलेले असतात आणि त्यांत काय असते, हे मात्र घेणारे फार थोडे जण पाहतात.

सोसायटी वेगळी, अपार्टमेंट वेगळे

सहकारी गृहनिर्माण संस्थेत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर होते. सभासदाकडे शेअर सर्टिफिकेट आणि सदनिका वापरण्याचा हक्क असतो. ‘महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, 1970’ने दुसरी वाट काढली. त्यात सदनिका तुमच्या स्वतंत्र मालकीची असते. ती वारसाहक्काने जाते, विकता येते, गहाण ठेवता येते. तिच्याबरोबर जमीन, जिना, गच्ची, विहीर यांतला अविभक्त हिस्साही तुमचा होतो. मुंबईत सोसायट्यांचा रिवाज, तर पुण्यात अपार्टमेंट जास्त दिसतात.

हा कायदा इमारतीला आपोआप लागू होत नाही. सगळ्या मालकांनी घोषणापत्र, म्हणजे बोलीभाषेतले ‘डिक्लेरेशन’, करून ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवले, तरच लागू होतो. इमारतीत किंवा संकुलात मिळून किमान पाच सदनिका असाव्या लागतात.

तीन कागद

पहिला कागद हे घोषणापत्र. जमिनीचे वर्णन, मजले, प्रत्येक सदनिकेचा क्रमांक, क्षेत्र आणि खोल्या, सामाईक काय आणि काही ठरावीक सदनिकांपुरतेच सामाईक काय, इमारत कशासाठी वापरायची, घोषणापत्र पुढे बदलायचे तर कसे, हे सारे त्यात येते. दुसरा कागद ‘अपार्टमेंट डीड’. त्याने विशिष्ट सदनिका आणि तिचा हिस्सा तुमच्या नावावर होतो. तिसरा, उपविधी. सभा, मतदान, व्यवस्थापक मंडळ, हिशेब आणि दुरुस्ती त्यांच्यानुसार चालते. या तिन्हींत पाया पहिल्याचा, आणि त्यातही एका रकान्याचा. तो रकाना टक्क्यांचा.

उदाहरण घेऊ. समजा, हेदवीतल्या एका घराण्याने सामाईक जागेवर आठ सदनिका बांधल्या. सहा लहान, प्रत्येकी 30 लाखांच्या आणि दोन समुद्राकडच्या मोठ्या, प्रत्येकी 60 लाखांच्या. एकूण किंमत 3 कोटी. कायदा हिस्सा ठरवतो तो सदनिकेच्या किमतीचे पूर्ण मालमत्तेच्या किमतीशी जे प्रमाण असेल त्यावरून. म्हणजे लहान सदनिकेला 10 टक्के, मोठीला 20. जुन्या हिशेबात मोठीवाल्याचे तीन आण्यांहून थोडे अधिक.

गच्ची गळते आणि दुरुस्तीला दोन लाख लागतात. लहान सदनिकेवर 20 हजार, मोठीवर 40 हजार. सोसायटीत सेवाशुल्क सर्वांना सारखे असते, ती सवय इथे चालत नाही. पुण्यातल्या एका संकुलाच्या वादात मुंबई उच्च न्यायालयानेही 2025 मध्ये हिश्शाच्या प्रमाणातला खर्चच मान्य केला. आवारातले आंबे विकले, तर त्या पैशांची वाटणीही याच प्रमाणात. गणपती आणि शिमग्यापुरता येणारा चाकरमानी म्हणेल, ‘मी वर्षभर विहिरीला हात लावला नाही, मी पैसे का देऊ?’ सामाईक गोष्ट वापरली नाही म्हणून खर्चातून सुटका नाही, असे कायद्यातच आहे. थकलेल्या रकमेचा बोजा त्या सदनिकेवर चढतो.

भाऊबंदकीच्या सातबाऱ्यात आणि यात खरा भेद आहे तो वाटपाचा. सामाईक जमिनीतला कोणीही हिस्सेदार वाटपाचा दावा लावू शकतो, आणि कोकणातल्या कितीतरी पिढ्या त्यातच गेल्या. अपार्टमेंटमध्ये, मालमत्ता या कायद्याखाली आहे तोवर, सामाईक भागाच्या वाटपाचा दावाच लावता येत नाही. हिश्शाची टक्केवारीही कायम स्वरूपाची. ती बदलायची तर सगळ्या मालकांची संमती आणि नव्याने नोंदवलेले घोषणापत्र लागते.

वादळ आणि पर्यटक

किनाऱ्यावर आणखी दोन कलमे नीट वाचायला हवीत. जून 2020 मध्ये ‘निसर्ग’ वादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीचे किती नुकसान केले, ते सगळ्यांनी पाहिले. इमारत कोसळली, तर पुन्हा बांधायची की विकायची, हे किती टक्के मतांनी ठरेल, ते घोषणापत्रात द्यावे लागते. नुकसानीनंतर 60 दिवसांत पुनर्बांधणीचा निर्णय झाला नाही, तर मालमत्ता सगळ्यांच्या सामाईक मालकीची मानली जाते आणि वाटपाचा दावा पुन्हा शक्य होतो. म्हणजे फिरून सातबाऱ्याची गत. आठपैकी पाच मालक परगावी असताना साठ दिवस थोडेच.

दुसरे कलम वापराचे. हेदवी-वेळणेश्वरच्या पट्ट्यात पर्यटक वाढले, तसा सदनिका होमस्टे म्हणून देण्याचा मोह वाढणार. घोषणापत्रात वापर फक्त राहण्यापुरता असेल, तर दर शनिवारी नवे पाहुणे उतरवणाऱ्या शेजाऱ्याला इतर मालक न्यायालयातून मनाई आणू शकतात.

घोषणापत्र नोंदले, म्हणून बांधकाम कायदेशीर ठरत नाही. जमिनीचा अकृषिक वापर, मंजूर नकाशा आणि किनारा नियमन क्षेत्राचे अंतर स्वतंत्रपणे तपासावे. 2019च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर, 2011च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त लोकवस्ती असेल तरच भरतीरेषेपासून 50 मीटरचा पट्टा बांधकामाला बंद. एरवी 200 मीटर.

‘रेरा आहे ना’ या भरवशावरही राहू नये. आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला रेराखाली नोंदणीची सक्ती नाही. कोकणातल्या छोट्या योजना नेमक्या याच मापाच्या. त्यामुळे महारेराच्या संकेतस्थळावर शोधायचे म्हटले, तर तिथे काही सापडणार नाही.

म्हणून विसार देण्याआधी तीन गोष्टी मागाव्यात. नोंदणी क्रमांकासह घोषणापत्राची प्रत, तिला जोडलेले नकाशे आणि उपविधी. सदनिकांच्या टक्क्यांची बेरीज स्वतः करून पाहावी. ती बरोबर 100 भरायला हवी. विहीर, गच्ची, वाहनतळ आणि समुद्राकडे उतरणारी पाखाडी यांतले सामाईक काय आणि कोणाएकाचे काय, हे शब्दांत लिहिलेले आहे का ते बघावे. ‘ते नंतर ठरवू’ या उत्तरावर विसंबून पैसे देऊ नयेत. नंतर टक्का बदलायचा, तर ज्याचा फायदा जाणार आहे त्याचीही सही लागते, आणि ती तो कशाला देईल?