शाळेला मानसशास्त्रज्ञ हवा आहे, पण कशासाठी?

‘समुपदेशक पाहिजे. शिक्षण एम. ए. मानसशास्त्र. मनमिळाऊ असावा. सांगितलेली इतर कामे करावी लागतील.’ अशा धर्तीची जाहिरात आपण वाचली असेल. तिला चांगले उमेदवार का येत नाहीत?

हा प्रश्न आता अनेक शाळांपुढे येणार आहे. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. नेमणूक कागदावर होईलही. पण मुलाला मदत मिळेल का, हे आपण कोणते काम सोपवतो यावर ठरेल.

१९१५ साली अमेरिकेतील कनेटिकट राज्याने आर्नोल्ड गेझेल यांना शालेय मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमले. त्यांचे काम स्पष्ट होते : मागे पडणाऱ्या मुलांची तपासणी करायची आणि शाळेत त्यांच्यासाठी काय करता येईल ते सुचवायचे. आपल्या जाहिरातीतही असेच नेमके काम दिसायला हवे.

त्यासाठी चार गोष्टी लिहाव्यात, असे आम्हांला वाटते.

पहिली, काम. वाचन-लेखनात अडखळणाऱ्या मुलांच्या चाचण्या, मुलांशी व पालकांशी बोलणे, शिक्षकांना मार्गदर्शन, यांपैकी काय हवे? पात्रता त्यावरून ठरवावी. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हवा असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी मागावी. केवळ समुपदेशनासाठी ती अट घालून उमेदवार गमावू नयेत.

दुसरी, विद्यार्थिसंख्या. अमेरिकेतील शालेय मानसशास्त्रज्ञांची राष्ट्रीय संघटना ५०० विद्यार्थ्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ असावा, असे सुचवते. आपल्याकडे १८०० मुले असतील, तर तसे सांगावे आणि सुरुवात कोणत्या इयत्तांपासून करायची तेही लिहावे.

तिसरी, जागा व गोपनीयता. दार लावता येईल अशी खोली आहे का? नोंदी कोण पाहणार?

चौथी, काय करावे लागणार नाही. बदली तास आणि शिस्तीची कामे यांतून या व्यक्तीला मोकळे ठेवावे. जी व्यक्ती सकाळी शिक्षा करते, तिच्याजवळ मूल दुपारी मन मोकळे करणार नाही.

वेतन व वेळही आकड्यांत द्यावी. ‘योग्य वेतन’ या शब्दांतून उमेदवाराला काहीच कळत नाही.

जाहिरात लिहिण्यापूर्वी शिक्षकांनी एकत्र बसून एक प्रश्न विचारून पाहावा : गेल्या वर्षी आपल्याला मदत करता आली नाही असे मूल कोणते, आणि त्याला नेमके काय हवे होते? त्याचे उत्तर हेच जाहिरातीचे पहिले वाक्य असेल.