वापर कमी, तरी हेड गॅस्केट का जाते?

मावळातील भातशेतीत चिखलणीचे दिवस मोजकेच असतात. रोप २१ ते २५ दिवसांचे झाले आणि खाचरात पाणी साचले, की लावणी उरकावी लागते. उशीर झाला तर रोपाचे वय वाढते, फुटवे कमी येतात आणि उत्पन्न घटते. नेमक्या याच दिवसांत, एरवी छपराखाली उभा असलेला ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर पहिल्या-दुसऱ्या खाचरातच तापतो, पांढरा धूर सोडतो आणि बंद पडतो. मिस्त्री हेड उतरवून सांगतो, "गॅस्केट गेले." यंत्र वर्षभर फारसे चाललेच नाही, मग गॅस्केट गेले कसे, असा प्रश्न शेतकरी बंधूंना पडतो. अशा वेळी बिघाडाची सुरुवात बहुधा यंत्र उभे असतानाच झालेली असते. चिखलणीच्या भाराने तो फक्त उघड होतो.

गॅस्केटचे काम

इंजिनाचा ब्लॉक व त्यावरील हेड यांच्यामध्ये जो पातळ पत्रा बसवलेला असतो, त्यास हेड गॅस्केट म्हणतात. सिलिंडरमधील जळता वायू, थंड ठेवणारे पाणी आणि वंगणाचे ऑइल या तिन्ही गोष्टी एकमेकींत मिसळू न देणे हे त्याचे काम. डिझेल इंजिनात हवा साधारण १६ ते २० पट दाबली जाते. एवढा दाब व उष्णता हे गॅस्केट हेडच्या बोल्टांच्या आवळणीच्या जोरावर सोसते. ते कोठे कुजले, किंवा हेड थोडेसे जरी वाकले, तरी वाट फुटते.

उभ्या यंत्रात काय बिघडते?

१. पाणी जुने होते. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात. यंत्र चालो वा न चालो, काळानुसार ती संपतात. अनेकजण तर विहिरीचे किंवा बोअरचे साधे पाणीच भरतात. त्याने गंज व क्षार साठून रेडिएटरच्या नळ्या आणि ब्लॉकमधील वाटा अरुंद होतात. गॅस्केटच्या पाण्याच्या छिद्रांभोवतीची कडाही कुजते.

२. पाण्याची पातळी घटते. रबरी नळ्या कडक होऊन चिरतात, उंदीर त्या कुरतडतात, वॉटर पंपाचे सील सुकून गळू लागते.

३. थर्मोस्टॅट गंजून अडकतो. पंख्याचा पट्टा सैल पडतो. रेडिएटरच्या जाळीत पेंढा, भुसा आणि कोळिष्टके बसतात.

४. दमट हवा आत शिरते. लोणावळ्याकडे वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उभ्या सायलेन्सरचे तोंड उघडे राहिल्यास पाणी थेट सिलिंडरपर्यंत जाऊ शकते.

अशा स्थितीत यंत्र चिखलात पूर्ण भाराने घातले की ते तापते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. तेथे उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते. रेडिएटरचे टोपण आत दाब धरून ठेवते, म्हणून एरवी पाणी शंभरावर जाऊनही उकळत नाही. टोपणाचे रबर सुकले असेल, तर हा आधार जातो. पाणी उकळते, हेड असमान तापून वाकते आणि गॅस्केट फुटते.

पवन मावळातील फुलांच्या हरितगृहावरील जनरेटर, किंवा लोणावळ्यात महिनोन्महिने उभी राहणारी मोटारगाडी यांनाही हेच लागू पडते.

गॅस्केट गेल्याची लक्षणे

• बाहेर गळती नसताना पाणी वारंवार कमी होणे.
• इंजिन चालू असताना रेडिएटरच्या पाण्यात सतत बुडबुडे येणे, किंवा पाण्यावर तेलाचा तवंग दिसणे.
• इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर चालू राहणे.
• ऑइलच्या पट्टीवर दुधी चहासारखे ऑइल येणे.
• ताकद कमी होणे व इंजिन अडखळणे.

यात एक काळजी घ्यावी. केवळ ऑइल भरण्याच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस दिसला, तर तो दमटपणाचाही असू शकतो. तसेच ऑइलमधील पाणी लायनरच्या खराब रबरी रिंगांमधूनही येते. म्हणून तपासणी करूनच हेड उघडावे. बुडबुडे पाहण्यासाठी टोपण इंजिन थंड असतानाच काढावे आणि मगच ते सुरू करावे. गरम रेडिएटरचे टोपण उघडल्यास वाफेने भाजते.

यंत्र उभे करताना

कूलंट उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात, शुद्ध केलेल्या पाण्यात मिसळून भरावे व माहितीपुस्तिकेतील मुदतीनुसार बदलावे. ते विषारी असून चवीला गोडसर असते, म्हणून मुले व जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे. जुने ऑइल बदलून मगच यंत्र ठेवावे. सायलेन्सरचे तोंड झाकावे आणि सुरू करण्यापूर्वी झाकण आठवणीने काढावे.

आठवड्याला पाच मिनिटे इंजिन सुरू करून बंद करण्याची सवय चांगली नाही. तेवढ्यात ते पुरेसे गरम होत नाही आणि आतील ओल वाळत नाही. त्याऐवजी पंधरा दिवसांतून एकदा हलक्या भारावर, पूर्ण गरम झाल्यानंतर २० ते ३० मिनिटे चालवावे. बंद छपरात मात्र चालवू नये, धूर घातक असतो.

मे महिन्यातील तपासणी

पाणी, नळ्या, पट्टा, टोपण, रेडिएटरची जाळी आणि ऑइलची पट्टी रोहिणी नक्षत्रापूर्वी तपासावी. पाणी बरेच कमी झालेले आणि बाहेर गळती नसेल, तर स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी साचले असल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी मिस्त्रीकडून खात्री करून घ्यावी. त्यानंतर अर्धा तास हलके काम घेऊन तापमानाचा काटा पाहावा.

गॅस्केट गेलेच तर

यंत्र ताबडतोब थांबवावे. तापलेल्या इंजिनावर किंवा रेडिएटरमध्ये थंड पाणी ओतू नये, हेड तडकते. नुसते नवे गॅस्केट घालून भागत नाही. हेडची सपाटी सरळ पट्टी व फिलर गेजने तपासावी आणि वाकलेले हेड कारखान्यात सपाट करून घ्यावे. बोल्ट टॉर्क रेंचने, पुस्तिकेतील क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळावेत. ऑइल व फिल्टर बदलावेत. मुख्य म्हणजे इंजिन कशामुळे तापले ते शोधून दुरुस्त करावे, नाहीतर नवे गॅस्केटही टिकत नाही.

हे सारे मे महिन्यात निघाले, तर दुरुस्तीला सवड मिळते. तेच जुलैत निघाले, तर खाचरात पाणी आणि वाफ्यात रोप वाट पाहत राहते. म्हणून बियाणे व खताची तयारी करताना यंत्राचे पाणी आणि ऑइल पाहण्यासही एक सकाळ राखून ठेवावी.