मदरबोर्ड बदलला आणि विंडोज रुसली

आमचं कोलशेत ठाण्याच्या खाडीकाठचं. गेल्या पावसाळ्यात आमच्या बचत गटाचा कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड बदलला. मशीन सुरू झालं, पण स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात फिकट अक्षरं आली, ‘ॲक्टिव्हेट विंडोज’. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, सगळं पुसून नवी विंडोज मारून देतो, स्वस्तात." आमच्या पोटात गोळाच आला. कर्जाचा हिशेब, बायकांच्या आधारच्या प्रती, सगळं त्यातच होतं.

म्हणून आधी हे सांगतो: ती अक्षरं दिसली म्हणून काही पुसलं जात नाही. हिशेब उघडतो, छपाई होते. फक्त वॉलपेपर, रंग असल्या गोष्टी बदलता येत नाहीत. तेव्हा घाई करू नका.

हे होतं कशामुळे? विंडोजचा परवाना मशीनच्या भागांवरून मशीन ओळखतो, आणि त्यात मदरबोर्ड मुख्य. रॅम किंवा हार्ड डिस्क बदलली तर बहुधा काही बिघडत नाही. मदरबोर्ड बदलला की मायक्रोसॉफ्टच्या लेखी ते वेगळंच मशीन. रेशनकार्ड जुन्या पत्त्यावरचं राहिलं आणि घर बदललं, तसंच.

मग बघायचं, परवाना कुठला. विंडोज वेगळी विकत घेतली असेल, तर ती नव्या बोर्डावर नेता येते. मशीनसोबत आलेली असेल, तर ती त्या मशीनशीच बांधलेली असते. मात्र बिघडलेला बोर्ड कंपनीने वॉरंटीत बदलून दिला असेल, तर नवा परवाना घ्यावा लागत नाही. म्हणून बिल जपा, बोर्ड का बदलला ते दुरुस्तीच्या पावतीवर लिहून घ्या.

आता करायचं काय? इंटरनेट जोडा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, ॲक्टिव्हेशन असं जा. विंडोज १० मध्ये सेटिंग्जमधल्या ‘अपडेट अँड सिक्युरिटी’त ॲक्टिव्हेशन सापडेल. तिथे ‘ट्रबलशूट’ दाबा, मग ‘आय चेंज्ड हार्डवेअर ऑन धिस डिव्हाइस रिसेंटली’ निवडा. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने आत जा आणि यादीतून आपलं मशीन निवडा. पूर्वी होम असेल तर आताही होमच हवी. दुरुस्तीवाल्याने प्रो टाकली तर जुना परवाना लागू होत नाही. पंचवीस अक्षरी की असेल, तर ‘चेंज प्रॉडक्ट की’मध्ये टाकून बघा.

पण ही यादी दिसायला परवाना आधीच अकाउंटला जोडलेला लागतो. ही सोय २०१६ पासून आहे. बोर्ड बदलण्याआधीच जोडून ठेवा.

आमची गंमत इथेच झाली. अकाउंट होतं आमच्या जुन्या सचिवाच्या नावावर. ती लग्न होऊन पेणला गेलेली, आणि ओटीपी तिच्या मोबाइलवर! फोन लावला, तर ती भात लावायला शेतात. संध्याकाळी घरी येऊन तिने आकडे सांगितले, आणि कोपऱ्यातली अक्षरं गेली.

फुकटच्या चोरट्या विंडोजला आम्ही नाहीच म्हटलं. ती चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात. दाराची कडी काढून झोपण्यासारखंच ते, आणि आत गटाच्या बँकेचा पासवर्ड.

आता ईमेल गटाच्या नावाने आहे, ओटीपी गटाच्या मोबाइलवर येतो, आणि पासवर्डची चिठ्ठी अध्यक्षांच्या कपाटात, कुलपात.