नवे पोप आणि माळव्यातली एक प्रार्थना

देवास म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे चामुंडेची टेकडी उभी राहते, पवारांच्या थोरल्या नि धाकट्या पातीची आठवण होते आणि कुमार गंधर्वांचा स्वर कानांत घुमू लागतो. धार म्हटले की भोजराजा आठवतो, आणि त्यापाठोपाठ पुन्हा पवारच. या दोन मराठी गाद्यांच्या मुलखाचा रोमच्या पोपशी काही संबंध असेल, ही कल्पना सहसा कुणाच्या मनात येत नाही. आज मला सांगावयाचे आहे ते त्या संबंधाविषयीच.

8 मे 2025 रोजी, आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजून गेले असताना, व्हॅटिकनमधील सिस्टाइन प्रार्थनामंदिराच्या धुराड्यातून पांढरा धूर निघाला. 133 कार्डिनल आदल्या दिवसापासून आत कोंडून घेऊन बसले होते. त्यांत चार भारतीय होते आणि त्या चौघांपैकी एक आपल्या गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांव. चौथ्या फेरीत रॉबर्ट प्रीव्होस्ट यांना दोन-तृतीयांश मते पडली व त्यांनी चौदावे लिओ हे नाव घेतले. ते शिकागोचे, पण त्यांची उमेदीची वर्षे पेरू देशातील गरिबांत गेलेली. जुन्या गोव्यात ज्यांच्या मठाचा भग्न मनोरा आजही उभा आहे, त्या अगस्तिनी संघाचे ते संन्यासी. संघाचे प्रमुख असताना 2004 व 2006 साली ते केरळात येऊनही गेले होते.

त्या रात्री आणि त्यानंतरच्या रविवारी जगभरच्या कॅथलिकांनी नव्या पोपसाठी प्रार्थना केली. ती प्रार्थना म्हणजे नेमके काय? आपल्याकडे नव्या राजाचा जयजयकार होत असे, तसाच हा प्रकार असावा, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तसे नाही.

कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला मराठी ख्रिस्ती मिस्सा म्हणतात. प्रत्येक मिस्सेत, भाकर व द्राक्षारस यांवरील मध्यवर्ती प्रार्थना चालू असताना, धर्मगुरू पोपचे आणि स्थानिक बिशपचे नाव घेतो. हे नाव वगळून मिस्सा होत नाही; मात्र पोपचे आसन रिकामे असले की ते वगळावेच लागते. पोप फ्रान्सिस 21 एप्रिल 2025 रोजी निवर्तले. तेव्हापासून सतरा दिवस जगातील कोणत्याही वेदीवर पोपचे नाव उच्चारले गेले नाही. सवयीने ते ओठांवर आले आणि मग धर्मगुरूला थांबावे लागले, असे कितीतरी ठिकाणी झाले असेल. घरातील कर्ता माणूस गेल्यावर पंगतीत त्याचे पान मांडावयाचे राहते, तशीच ही पोकळी. नवे नाव आले ते वसईत मराठीतून, गोव्यात कोकणीतून आणि देवासकडे हिंदीतून. 1962 ते 1965 या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी ते या ठिकाणी लॅटिनमधून येत असे.

पोपसाठी जी फार जुनी लॅटिन प्रार्थना आहे, ती दाविदाच्या एका स्तोत्रावरून घेतलेली आहे. तीत देवाने पोपला जपावे, जिवंत ठेवावे, या भूमीवर सुखी करावे आणि वैऱ्यांच्या हाती देऊ नये, एवढेच मागितले आहे. विजय, सत्ता, कीर्ती यांचा त्यात मागमूस नाही. मुळात ते स्तोत्र रुग्णशय्येवरील माणसाचे आहे. ही निवड मला फार बोलकी वाटते. पहिला पोप मानला जातो तो संत पीटर. त्याने गुरूला तीनदा नाकारले होते, आणि त्याची श्रद्धा ढळू नये म्हणून ख्रिस्ताने स्वतः प्रार्थना केल्याचे शुभवर्तमानात सांगितले आहे. पुढे हेरोद राजाने त्याला तुरुंगात टाकले, तेव्हा यरुशलेमची लहानशी मंडळी त्याच्यासाठी अखंड प्रार्थना करीत राहिली. म्हणजे पोपसाठी झालेली अगदी आरंभीची प्रार्थना ही एका बंदिवानासाठी केलेली होती. सिस्टाइन मंदिरालगत एक छोटी खोली आहे. निवडून आलेला माणूस तेथे जाऊन पहिल्यांदा शुभ्र झगा चढवितो. तिचे नाव ‘अश्रूंची खोली’ असे पडले आहे, आणि ते उगाच पडलेले नाही.

येथे एका शंकेचा उलगडा केला पाहिजे. परदेशातील धर्माधिकाऱ्यासाठी रोज प्रार्थना करणाऱ्याची निष्ठा आपल्या देशाशी कितपत असणार, असे कुणी उघड विचारतो, कुणी मनात ठेवतो. गुड फ्रायडेच्या उपासनेत दहा याचना क्रमाने म्हणावयाच्या असतात. त्यांतली दुसरी पोपसाठी असते. पुढे ख्रिस्ताला न मानणाऱ्यांसाठी व देवालाच न मानणाऱ्यांसाठीही याचना आहेत, आणि नववी याचना देशाचा कारभार वाहणाऱ्यांसाठी आहे. दिल्लीत वा भोपाळात जो कोणी अधिकारावर असेल त्याच्यासाठी ती म्हटली जाते. त्याचा पक्ष कोणता, याची चौकशी तीत नसते.

आता नावाकडे वळू. लिओ हे नाव घेताना नव्या पोपांच्या डोळ्यांपुढे तेरावे लिओ होते, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. 1878 ते 1903 असा या तेराव्या लिओंचा काळ. भारतातील कॅथलिक धर्मप्रांतांची रीतसर घडी त्यांनी 1886 साली बसविली आणि पुणे धर्मप्रांत त्याच वेळी झाला. भारताला भारताचेच पुत्र धर्मगुरू म्हणून मिळाले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी 1893 साली त्यांनी श्रीलंकेतील कँडी येथे एक गुरुविद्यालय काढविले. ते 1955 साली पुण्यास आले व नगर रस्त्यावर आजही चालू आहे. चौदाव्या लिओंचा जन्मही 1955 चाच. हा नुसता योगायोग, पण पुणेकरांना सांगण्याजोगा. धारच्या सीमेला लागून असलेल्या झाबुआच्या भिल्ल मुलखात, थांदला येथे, कॅथलिक मिशन सुरू झाले तेही याच पोपांच्या कारकिर्दीत. झाबुआचा स्वतंत्र धर्मप्रांत मात्र व्हावयास 2002 साल उजाडले.

परंतु तेराव्या लिओंची खरी ओळख त्यांच्या 1891 च्या परिपत्रकाने झाली. मजुराला पोटभर वेतन मिळाले पाहिजे, त्याला संघटना करण्याचा हक्क आहे, आणि अधाशी सावकारीने गरिबांची दैना वाढविली आहे, असे त्यांनी त्यात बजावले होते. ते शब्द युरोपातील गिरण्यांकडे पाहून लिहिलेले होते. त्यांचा अर्थ देवासच्या डोंगरात कसा उमटला, ते आता सांगतो.

देवास जिल्ह्याच्या दक्षिणेस, बागलीच्या बाजूला, उदयनगर नावाचे गाव आहे. भोवती आदिवासी वस्त्या. केरळातील पुल्लुवळी गावची राणी मारिया ही फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाची धर्मभगिनी 1992 साली तेथे आली. कर्जाच्या विळख्यातून सुटण्यासाठी बचत कशी करावी, सरकारी योजनांचा लाभ कसा मिळवावा, मजुरीचा हिशेब कसा मागावा, हे ती गावोगाव हिंडून सांगू लागली. ज्यांचे व्यवहार गरिबांच्या अज्ञानावर चालत होते, त्यांना ही बाई जड झाली. 25 फेब्रुवारी 1995 रोजी ती इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलेली असताना भर प्रवाशांदेखत तिच्यावर सुऱ्याने वार झाले. तिच्या अंगावर पन्नासाहून अधिक जखमा होत्या. वय होते एकेचाळीस.

मारेकऱ्याला जन्मठेप झाली. येथे कथा संपली असती, तर ती केवळ एका क्रौर्याची कथा राहिली असती. पण 2002 साली राखीपौर्णिमेच्या सुमारास राणी मारियाची धाकटी बहीण सेल्मी, तीही धर्मभगिनीच, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि आपल्या बहिणीला मारणाऱ्याच्या हाताला तिने राखी बांधली. आईनेही त्याला क्षमा केली. त्याची सुटका व्हावी म्हणून याच लोकांनी अर्ज केले, आणि 2006 साली तो सुटला. पुढच्या वर्षी तो केरळात जाऊन त्या माउलीला भेटून आला. माळव्यातील हिंदू रीतीचा एक धागा केरळच्या ख्रिस्ती बहिणीने उचलला, तोही तुरुंगात. समेटाची याहून अस्सल भारतीय रीत मला तरी ठाऊक नाही.

पोप फ्रान्सिस यांच्या काळात तिला हुतात्मा म्हणून मान्यता मिळाली आणि 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूर येथे तिला ‘धन्यवादित’ हे पद देण्यात आले. दुसऱ्या दिवशी रोममध्ये दुपारच्या प्रार्थनेच्या वेळी पोपनी तिचे नाव घेतले.

तेव्हा माळव्यातल्या मूठभर कॅथलिकांना नव्या पोपविषयी काय वाटत असेल, याचा अंदाज बांधणे कठीण नाही. निवडीनंतर सज्जात येऊन त्यांनी सर्वांना शांतीचे अभिवादन केले, आणि ती शांती निःशस्त्र असावी, इतकेच नव्हे तर समोरच्याच्याही हातचे शस्त्र गळून पडावे अशी असावी, असे सांगितले. वर्तमानपत्रांनी ते युक्रेन व गाझा यांच्या संदर्भात वाचले, आणि ते योग्यच. उदयनगरला त्याचा अर्थ समजण्यासाठी इतके दूर जावे लागत नाही.

आशा पुष्कळ आहेत, आणि त्या एकमेकींशी जुळतातच असे नाही. केरळात मिस्सा लोकांकडे तोंड करून करावी की वेदीकडे, यावरून सिरो-मलबार पंथात वर्षानुवर्षे तंटा चालला. तो मिटावा असे तेथील भाविकांना वाटते. दलित ख्रिस्ती मंडळींना चर्चच्या आतला जातिभेद रोमने अधिक कठोरपणे पाहावा असे वाटते. ज्यांच्यावर धर्मगुरूंकडून अत्याचार झाले, त्यांना प्रार्थनेआधी न्याय हवा आहे, आणि त्यांचे म्हणणे कोणत्याही नव्या पोपला टाळता येणार नाही. मध्य प्रदेशात धर्मांतराविषयीचा कायदा 1968 पासून आहे. 2021 साली त्याजागी नवा, अधिक कडक कायदा आला. शाळा, दवाखाना वा बचतगट चालविणाऱ्या धर्मभगिनीला तेव्हापासून आपला हेतू पुन्हा पुन्हा समजावून सांगावा लागतो. येथे पोपला करता येण्याजोगे फारसे काही नाही, हे तेथील कॅथलिकही जाणतात. त्यांनी आपल्याकडे यावे, एवढे मात्र वाटते. 1964 साली सहावे पॉल मुंबईस आले होते. दुसरे जॉन पॉल 1986 व 1999 साली आले. फ्रान्सिस यांची भेट शेवटपर्यंत घडली नाही.

राणी मारियाला संतपद मिळावे, ही मात्र खास त्या डोंगरातली आशा. हुतात्म्याला धन्यवादित ठरविताना चमत्काराचा पुरावा लागत नाही. संत ठरविताना मात्र तिच्या मध्यस्थीने घडलेला एक चमत्कार सिद्ध व्हावा लागतो. डॉक्टर आणि धर्मशास्त्री दोघेही त्याची छाननी करतात, त्यात कित्येक वर्षे जातात, आणि अखेरचा निर्णय पोपच्या हाती असतो. उदयनगरच्या चर्चमध्ये तिची समाधी आहे. पोपसाठीची प्रार्थना तेथे याच समाधीच्या सान्निध्यात म्हटली जाते.