विश्लेषण : मोटार न घेता दक्षिण फ्रान्समध्ये आठवडा… आखणी कशी करावी?

आविन्यों, आर्ल, नीम, मार्सेय, एक्स ही शहरे एकमेकांपासून तास-दीड तासाच्या अंतरावर आहेत. रेल्वे आणि बसने ती आठवड्यात आरामात पाहता येतात. मात्र त्यासाठी प्रेक्षणीय स्थळांच्या यादीआधी स्थानके आणि वेळापत्रके पाहावी लागतात.

दक्षिण फ्रान्समध्ये ‘नीम पाँ-दु-गार’ नावाचे रेल्वे स्थानक आहे. पाँ-दु-गार हा दोन हजार वर्षांपूर्वीचा प्रसिद्ध रोमन जलसेतू. तो पाहायला याच स्थानकावर उतरावे, असे नावावरून कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात २०१९च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेले हे स्थानक मांदुएल गावाजवळ मोकळ्या शेतजमिनीत आहे. नीम शहर तेथून दहा-बारा किलोमीटरवर आणि जलसेतू त्याहून लांब. हातात सामान, सोबत वयस्कर आई-वडील आणि पुढच्या बसला दोन तास, अशी वेळ आली तर अर्धा दिवस तेथेच गेला म्हणून समजा.

स्थानक शहरात की शहराबाहेर?

कोकण रेल्वेच्या प्रवाशाला हे नवे नाही. ‘राजापूर रोड’ला उतरले म्हणजे राजापूर आले असे होत नाही. तिथला ‘रोड’ हा शब्दच पुढच्या रिक्षाची सूचना असतो. दक्षिण फ्रान्समध्ये स्थानकाच्या नावापुढचे ‘टीजीव्ही’ हेच काम करते. पॅरिसहून भूमध्य समुद्राकडे जाणारा अतिवेगवान मार्ग २००१मध्ये मार्सेयपर्यंत पूर्ण झाला. ताशी ३०० किलोमीटरने धावणारी गाडी जुन्या शहरांतून नेणे शक्य नव्हते, म्हणून काही स्थानके शहरांबाहेर बांधली गेली.

आविन्योंमध्ये याचा त्रास कमी होतो. आविन्यों टीजीव्ही आणि शहरातले आविन्यों सांत्र या स्थानकांमध्ये छोटी गाडी धावते, पाच-सहा मिनिटे लागतात. एक्स-आँ-प्रोव्हान्सचे टीजीव्ही स्थानक मात्र शहरापासून सुमारे १५ किलोमीटर दूर आहे, तेथून बसच घ्यावी लागते. मार्सेयचे सें-शार्ल स्थानक थेट शहरात आहे. तेव्हा तिकीट काढताना शहराचे नाव पाहून थांबू नये, स्थानकाचे पूर्ण नाव वाचावे. फिरण्यासाठी बहुतेक वेळा ‘सांत्र’ हवे असते.

मुक्काम किती ठिकाणी?

रोज नवे शहर आणि रोज नवे हॉटेल ही बसने नेणाऱ्या पर्यटन कंपन्यांची पद्धत. स्वतः रेल्वेने फिरताना ती महागात पडते. सकाळी खोली सोडायची, दुपारी तीनपर्यंत नवी मिळत नाही आणि लहान स्थानकांवर सामान ठेवण्याची सोय नसते. त्यामुळे सात रात्रींसाठी दोनच मुक्काम पुरेत : आविन्योंत चार रात्री, मार्सेयमध्ये तीन. दोन्ही ठिकाणी स्थानकापासून चालत जाता येईल असे हॉटेल घ्यावे. खोलीसाठी थोडे जास्त पैसे गेले तरी रोजची धावपळ वाचते. आविन्योंचे जुने शहर तर सांत्र स्थानकासमोरच, तटबंदीच्या आत सुरू होते.

सात दिवसांत काय काय बसते?

शुक्रवारी पोहोचलो असे धरू. पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळाखालीच रेल्वे स्थानक आहे आणि तेथून आविन्योंला थेट टीजीव्ही मिळते. साधारण सव्वातीन-साडेतीन तासांचा प्रवास. विमानाला उशीर होऊ शकतो, म्हणून उतरण्याची वेळ आणि गाडी यांत किमान तीन तास ठेवावेत.

शनिवारी आर्ल. आविन्यों सांत्रहून जेमतेम वीस मिनिटे. शनिवारी तिथला मोठा आठवडी बाजार असतो. सुमारे वीस हजार प्रेक्षक बसतील एवढे रोमन रंगमंडल शहराच्या मधोमध उभे आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉग १८८८-८९मध्ये येथे राहिला. त्याचे ‘पिवळे घर’ १९४४च्या बॉम्बहल्ल्यात गेले, पण ती जागा स्थानकातून शहरात चालत जाताना वाटेतच लागते.

रविवारी लील-स्युर-ला-सोर्ग. कालव्यांचे हे गाव रेल्वेने अर्ध्या तासावर आहे आणि रविवारी तिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. दुपारी परत येऊन आविन्योंचा पोपचा राजवाडा पाहावा. १३०९ ते १३७७ या काळात पोप रोमऐवजी येथे राहत होते.

सोमवारी त्रिकोण करता येतो : आविन्योंहून बसने पाँ-दु-गार, तेथून बसने नीम आणि संध्याकाळी नीमहून रेल्वेने आविन्यों. जलसेतू जवळपास ४९ मीटर उंच आहे. त्यावरून जाणारा कालवा सुमारे ५० किलोमीटर लांब होता आणि एवढ्या अंतरात त्याचा एकूण उतार जेमतेम साडेबारा मीटर. नीममधले ‘मेझाँ कारे’ हे रोमन मंदिर २०२३मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. बसच्या वेळा जुळत नसतील तर नीम किंवा जलसेतू, एकच निवडावे.

मंगळवारी मार्सेय. आविन्योंहून टीजीव्हीने अर्धा-पाऊण तास, साध्या गाडीने त्याहून जास्त. मराठी माणसाला हे शहर ‘मार्सेलिस’ म्हणून शाळेपासून माहीत असते. ८ जुलै १९१० रोजी विनायक दामोदर सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून समुद्रात उडी घेतली ती इथल्याच बंदरात.

बुधवारी कासी हे समुद्रकाठचे गाव. गाडीने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येते, पण स्थानक बंदरापासून तीनेक किलोमीटर वर आहे. तेथून गावची बस असते. जवळच्या कालांक या खडकाळ खाड्यांमध्ये उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यामुळे प्रवेश बंद केला जातो, त्याची सूचना आदल्या संध्याकाळी मिळते. गुरुवारी एक्स. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार हे तिथले मोठ्या बाजाराचे दिवस. चित्रकार सेझान याच शहरात जन्मला. मार्सेयच्या सें-शार्लहून सुटणारी बस पाऊण तासाच्या आत थेट एक्सच्या मध्यभागी सोडते, म्हणून येथे रेल्वेपेक्षा बस बरी. शुक्रवारी मार्सेयहून परत.

बसचे वेळापत्रक कसे वाचावे?

आपल्याकडे खेड्यातली एसटी शाळेच्या वेळेला धरून धावते. फ्रान्सच्या ग्रामीण भागातही बस प्रामुख्याने विद्यार्थी आणि नोकरदारांसाठी आखलेल्या असतात, पर्यटकांसाठी नव्हे. वेळापत्रकात शाळेचे दिवस आणि सुट्टीचे दिवस यांसाठी वेगळ्या खुणा असतात. ‘सोफ दिमांश ए फेत’ असे लिहिले असेल तर ती बस रविवारी व सणाच्या सुट्टीला नाही. १ मे रोजी अनेक शहरांत बस धावतच नाहीत. मे महिन्यात सुट्ट्या बऱ्याच असतात, तेव्हा तारखा आधी तपासाव्यात.

आणखी एक गोष्ट नकाशावर लक्षात येत नाही. आविन्यों आणि आर्ल प्रोव्हान्सच्या प्रांतात येतात, नीम आणि जलसेतू ऑक्सितानी प्रांतात. प्रादेशिक गाड्या आणि बस प्रांतांच्या अखत्यारीत असतात. पूर्वेकडे त्यांचे नाव ‘झू’, पश्चिमेकडे ‘लिओ’. एका संकेतस्थळावर दुसऱ्या प्रांताची बस दिसली नाही, याचा अर्थ ती नाही असा होत नाही.

गोर्द, रुसियों ही डोंगरावरची गावे छायाचित्रांत मोहक दिसतात, पण तिथल्या बस मोजक्याच. या आठवड्यात ती सोडून द्यावीत किंवा एका दिवसाची स्थानिक सहल घ्यावी.

तिकीट कधी काढावे? पास घ्यावा का?

टीजीव्हीचे भाडे विमानासारखे बदलते, प्रवासाची तारीख जवळ आली की ते बहुधा वाढते. त्यामुळे पॅरिसहून येण्या-जाण्याची तिकिटे लवकर काढावीत. ‘टेर’ या प्रादेशिक गाड्यांत जागा राखून ठेवावी लागत नाही आणि ऐन वेळी काढले म्हणून तिकीट सहसा महाग होत नाही. ते त्याच दिवशी हवामान पाहून काढले तरी चालते. 

युरेल पास अशा आठवड्यात सहसा परवडत नाही. रोजची अंतरे छोटी, भाडी माफक आणि टीजीव्हीत पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे द्यावे लागतात. टीजीव्हीचे दरवाजे सुटण्याच्या वेळेआधी दोन मिनिटे बंद होतात. प्रत्येक बॅगेवर नावाची चिठ्ठी असणेही सक्तीचे आहे.

संप झाला तर?

फ्रान्समध्ये वाहतूक संप ही नेहमीची बाब आहे, पण तो अचानक आदळत नाही. २००७च्या कायद्यानुसार संपात उतरणाऱ्या वाहतूक कर्मचाऱ्याला ४८ तास आधी कळवावे लागते आणि प्रवाशांना किमान २४ तास आधी धावणाऱ्या गाड्यांची माहिती द्यावी लागते. म्हणून रोज संध्याकाळी रेल्वेच्या ॲपवर उद्याची गाडी पाहण्याची सवय लावावी. मुक्काम मोठ्या शहरात असल्याचा फायदा इथेही होतो. गाडी रद्द झाली तरी दिवस शहरातच घालवता येतो. परतीच्या विमानाचा दिवस मात्र जोखमीचा. संपाची बातमी दिसताच एक रात्र आधी पॅरिस गाठावे.

व्हिसासाठी या आराखड्याचा उपयोग काय?

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शुल्क प्रौढांसाठी ९० युरो असून किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्जासोबत राहण्याचा आणि प्रवासाचा तपशील द्यायचा असतो. सात हॉटेलांऐवजी दोनच असतील तर कागदपत्रे सुटसुटीत होतात. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेल रद्द करता येईल असेच घ्यावे. सर्वात स्वस्त रेल्वे तिकिटाचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

कोणते महिने बरे?

एप्रिलचा उत्तरार्ध ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलैमध्ये आविन्योंत १९४७पासून चालत आलेला नाट्यमहोत्सव असतो. नाटकासाठी जायचे तर उत्तमच, एरवी खोल्या मिळत नाहीत आणि ऊनही कडक.

आखणी करताना मात्र एक क्रम पाळावा. प्रत्येक दिवसाची परतीची शेवटची गाडी किंवा बस आधी लिहून काढावी, मग त्याच्या आधीची आणि सर्वात शेवटी सकाळी निघण्याची वेळ. शेवटची बस साडेसहाची असेल तर सूर्यास्त जलसेतूवरून पाहता येणार नाही, हे मुंबई-पुण्यात घरी बसून कळलेले बरे.