ग्रीस भरून कटकट थांबत नाही

आदिलाबादच्या जैनथ-बेला भागात ट्रॅक्टर असलेल्या घरी ग्रीस गन असतेच. निप्पलला गन लावायची, जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबायची. बोलेरोच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसलाही तसंच. 1983 साली मारुती 800 आली, तोवरच्या अँबॅसडर, पद्मिनीही मागच्या चाकांवर चालायच्या. म्हणून ‘दर सर्व्हिसिंगला एक्सलला ग्रीस हवंच’ हे मनात पक्कं बसलं. पण अल्टो, स्विफ्ट पुढच्या चाकांवर चालतात आणि त्यांच्या पुढच्या एक्सलच्या जॉइंटला निप्पलच नसतो. त्यातलं ग्रीस रबरी बुटात बंद असतं. बूट शाबूत आणि क्लॅम्प घट्ट असेल, तर वर्षानुवर्षं हात लावायची गरज नाही.

लक्ष ठेवायचं ते बुटावर. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा आणि चाकामागे बॅटरी मारा. बुटाच्या घड्यांत चीर आहे का? रिमच्या आतल्या अंगाला काळ्या ग्रीसचे शिंतोडे उडालेत का? आपल्या काळ्या रानातला चिखल त्या चिरेतून आत गेला, की ग्रीसमध्ये कालवला जातो आणि पॉलिश पेपरसारखा लोखंड घासत राहतो.

वळणावर कटकट वाजू लागली, की ‘ग्रीस भरा, जाईल’ असं हमखास सांगतात. ते खरं नाही. चाकाकडच्या बाहेरच्या जॉइंटमध्ये सहसा सहा छर्रे आपापल्या खाचांतून सरकतात. कटकट म्हणजे बहुतेक वेळा त्या खाचा झिजून खड्डे पडलेत. ग्रीसने खड्डा बुजत नाही. चार दिवस आवाज दबेल, झीज चालूच राहील. तिथे जॉइंटच बदलावा. चीर लवकर सापडली, आवाज नसला आणि धुतल्यावर खाचा गुळगुळीत दिसल्या, तरच नवं ग्रीस आणि नवा बूट घालून जॉइंट वाचतो. मला या कामात सगळ्यात मोलाची वाटते ती ही वेळेवरची नजर.

ग्रीसही कुठलंही चालत नाही. घरातलं बेअरिंगचं ग्रीस नको. बुटाच्या किटमध्ये मॉलिब्डेनमयुक्त काळ्या ग्रीसची पुडी येते, तीच वापरा. जास्त कोंबलं तर बूट फुगतो.

बूट बदलायचं काम घरी करायचंच असेल, तर गाडी नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवून खाली शिरू नका. पक्के स्टँड लावा. एक्सलचा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करा. एक्सलचा शाफ्ट ओढला की गिअर ऑइल सांडतं, तेवढं परत भरा. ठोकून बसवलेला जुना नट पुन्हा लावू नका. टॉर्क पाना नसेल, तर हे काम घरी उघडूच नका. चाकाचं बेअरिंग त्या नटाच्या नेमक्या आवळणीवर टिकतं.